तेलकट केस म्हणजे घाणेरडे केस नव्हेत

गेल्या पावसाळ्यात विहारात महिलांची आरोग्य बैठक होती. रक्तदाब, साखर, अंगात रक्त कमी असणं अशा नेहमीच्या विषयांवर बोलणं झालं. बैठक संपून सगळ्या पांगल्या, तेव्हा चपला घालता घालता एक ताई आमच्यापाशी घुटमळल्या. सगळ्यांसमोर विचारायचा त्यांना संकोच वाटला होता. त्यांची नववीतली मुलगी शाळेत जायला नको म्हणत होती. कारण काय, तर वर्गात बाईंनी तिच्या वेणीला बोट लावलं, ते बोट रुमालाला पुसलं आणि विचारलं, "तुमच्या वस्तीत पाणी येत नाही का गं?" सगळा वर्ग हसला. तेव्हापासून पोरगी शेवटच्या बाकावर बसते आणि घरी आली की केस कापून टाक म्हणून आईच्या मागे लागते.

"दर रविवारी मी तिला डोक्यावरून न्हाऊ घालते," ताई सांगत होत्या. "रोज सकाळी तेल लावून चापूनचोपून दोन वेण्या घालते. शाळेचाच नियम आहे तो. याच्यावर आणखी काय करायचं?"

स्वच्छतेवरून कुणी बोललं की ते आपल्याला जरा जास्त लागतं, आणि का लागतं हे या मासिकाच्या वाचकांना सांगायची गरज नाही. त्या बाईंशी मुख्याध्यापकांसमोर बोलायला हवं होतं आणि ताई नंतर दोघीतिघींना घेऊन बोलूनही आल्या. पण त्या पोरीचे केस चिकट का होतात, हा प्रश्न उरलाच होता. तो एकट्या तिचा नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलामुलींच्या बऱ्याच आया आम्हाला हेच विचारतात, म्हणून यावेळचं पान या विषयाला दिलं आहे.

आधी हे तेल येतं कुठून ते पाहू. आपल्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. केसाच्या मुळाशी, कातडीच्या आत बारीक तेलाच्या ग्रंथी असतात. त्यातून निघणाऱ्या तेलाला डॉक्टर सीबम म्हणतात. अंगावर इतर ठिकाणीही या ग्रंथी आहेत, पण डोकं आणि चेहरा इथे त्या सर्वात दाट. हे तेल वाईट नाही. कातडी कोरडी पडू नये, केस रखरखीत होऊ नयेत म्हणून शरीरानेच केलेली ती सोय आहे. किती तेल सुटणार हे मुख्यतः हार्मोन्स ठरवतात. बारा-तेरा वर्षांचं वय झालं की शरीरात काही हार्मोन्स वाढतात, ग्रंथी जोरात कामाला लागतात आणि तोंडावर पुटकुळ्या, डोक्यात तेल असं एकदमच सुरू होतं. काल-परवापर्यंत आठवड्यातून एकदा डोकं धुऊन भागत होतं, ते आता तिसऱ्या दिवशीच चिपचिपीत होतं. आईला वाटतं पोर आळशी झाली. पोर आळशी नसते, वयात आलेली असते.

एकाच घरात एका बहिणीचे केस लवकर तेलकट होतात, दुसरीचे होत नाहीत, त्याला काही अंशी केसांची ठेवणही कारण असते. सरळ, बारीक केसांवरून तेल सरसर खाली उतरतं आणि केस डोक्याला चिकटून बसतात. कुरळ्या केसांत ते वळणावळणाला अडतं. त्यामुळे कुरळे केस मुळाशी तेलकट आणि टोकाला कोरडे असे दोन्ही असू शकतात. घामाचं प्रकरण वेगळं. घाम म्हणजे पाणी आणि मीठ; पण घाम, धूळ आणि तेल एकत्र झाले की जो लेप बसतो तो हेल्मेट घालून दिवसभर गाडीवर फिरणाऱ्या किंवा बांधकामावर पाट्या टाकणाऱ्या आपल्या पोरांना चांगला माहीत आहे.

आता त्या ताईंकडे परत येऊ. मुलीच्या डोक्यात स्वतःचं तेल भरपूर सुटत होतं आणि आई वर रोज खोबरेल ओतत होती. शाम्पूने केस गळतात असं ऐकल्यामुळे रविवारची न्हाणी अंगाच्या साबणाने व्हायची. आणि त्यांच्या वस्तीत पाणी बोअरिंगचं, म्हणजे जड. या तीन गोष्टी एकत्र आल्या की केस चिकट न झाले तरच नवल.

साबणाचं आधी सांगतो. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण त्यांच्याशी मिळून एक चिकट पांढरी साय तयार करतो. बादलीच्या कडेला आणि मोरीच्या लादीवर जो पांढरा थर धरतो, तोच हा. तो केसांवरही बसतो. केस राठ, निस्तेज आणि हाताला चिकट लागतात. बाईला वाटतं तेल गेलं नाही, म्हणून ती आणखी साबण घासते, आणि थर आणखी वाढतो. शिवाय साबणाचा पीएच ९ ते १० असतो आणि डोक्याच्या कातडीचा साधारण साडेपाच, त्यामुळे केसांची खवलं उघडी पडून गुंता होतो. कपड्याच्या साबणाने किंवा पावडरने डोकं धुणारेही आम्ही पाहिले आहेत. ते तर मुळीच करू नये. शाम्पूत साबण नसतो, वेगळ्या जातीचे फेसाळ पदार्थ असतात आणि जड पाण्यातही त्यांची अशी साय होत नाही. नुसता साबण सोडला तरी बऱ्याच जणींचे केस सुधारतात.

खोबरेलाबद्दल बोललो की आमच्यावर म्हाताऱ्या चिडतात, म्हणून नीट सांगतो. खोबरेल तेल केसांना चांगलंच आहे. ते केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी केसाची झीज कमी करतं. पण ते काम केसाचं, मुळांचं नाही. ज्यांच्या डोक्यात मुळातच तेल जास्त आहे त्यांनी कातडीवर रोज तेल चोळून काहीच मिळत नाही. मूळ मजबूत होत नाही की केस दाट होत नाहीत. तेल लावायचंच असेल तर न्हायच्या आधी तासभर, कानाच्या खालच्या केसांना लावावं आणि मग धुवावं. शाळेला तेलाची वेणीच हवी असेल तर हाताला चार थेंब पुरे, आणि तेही वेणीच्या शेपटीला.

"सारखं धुतलं की तेल आणखी सुटतं" हे वाक्य आम्ही शिकल्यासवरल्या लोकांकडूनही ऐकतो. ते खरं नाही. ग्रंथींना वरून कुणी पाणी ओतलं की साबण, याची खबर लागत नाही; त्या हार्मोन्सचं ऐकतात. तेलकट डोकं एक दिवसाआड धुतलं तर चालतं, गरज असेल तर रोजही चालतं. अमेरिकेतली त्वचारोगतज्ज्ञांची संघटनाही फार तेलकट डोक्याला रोज धुण्याचा सल्ला देते. केस गळण्याची भीतीही अशीच. दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं हे सर्वांचंच असतं. आठ दिवसांनी न्हालं की आठ दिवसांचे अडकलेले केस एकदम हातात येतात आणि आपण शाम्पूला दोष देतो.

वार पाहून न्हाणं आपण केव्हाच सोडलं, असं आपण म्हणतो. तरी सोमवारी डोक्यावर पाणी घेतलं तर भावाला वाईट, अमुक दिवशी न्हायचं नाही, पाळीच्या दिवसांत चौथ्या दिवसापर्यंत डोकं धुवायचं नाही, हे अजून कुठे कुठे ऐकू येतं. पाळीत डोकं धुतल्याने काहीही होत नाही. उलट त्या दिवसांत पोरीला बरं वाटतं. आणि न धुतलेल्या, न विंचरलेल्या केसांत तेल, घाम, धूळ बसून गुंता घट्ट होत गेला की त्याचा जो नमदा होतो त्यालाच जट म्हणतात. तिला देवीचं नाव देऊन आपल्या समाजातल्या कितीतरी पोरींची आयुष्यं देवाला वाहून टाकली गेली. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आजही गावोगाव जाऊन, घरच्यांची समजूत काढून बायांच्या जटा सोडवतात. कात्री लागते, मंत्र लागत नाही.

आता पाणी. रोज धुवा म्हणायला आमचं काय जातं? नळ पहाटे तास-दीड तास येणार, पिंपभर पाण्यात पाच माणसांचं सगळं व्हायचं, तिथे डोक्यासाठी दोन बादल्या कुठून आणायच्या? म्हणून आम्ही एका बादलीत, म्हणजे पंधरा-एक लिटरात, खांद्याखाली येणारे केस कसे धुवायचे ते आमच्याच घरात करून पाहिलं. आधी कोरड्या केसांचा गुंता काढायचा. मग चार-पाच मग पाण्याने केस मुळापर्यंत भिजवायचे. इथे घाई केली की शाम्पू फुकट जातो. अर्धी पुडी शाम्पू मगात थोड्या पाण्यात ढवळायचा आणि तो थेट भांगावर, कानामागे, मानेवर ओतायचा. बोटांच्या पेरांनी मिनिटभर चोळायचं, नखं लावायची नाहीत. केसांच्या लांबीवर घासायचं नाही, खाली उतरणारा फेस तेवढं धुतो. मग धुऊन टाकायचं. डोक्यात बाहेरून लावलेलं तेल असेल तर पहिल्यांदा फेस येत नाही. अशा वेळी उरलेली अर्धी पुडी दुसऱ्यांदा वापरायची. एकदम सगळी ओतण्यापेक्षा दोनदा अर्धी अर्धी बरी. बादलीतलं निम्मं पाणी तरी शेवटच्या धुण्याला ठेवायचं, कारण शाम्पू केसांत राहिला तरी केस चिकट लागतात आणि डोकं खाजतं. बोअरिंगचं पाणी असेल तर अगदी शेवटचा एक तांब्या प्यायच्या नळाच्या पाण्याचा घ्यावा. केस ओले बांधू नयेत. पावसाळ्यात आपल्या खोल्यांत वारा नसतो हे खरं, पण पंख्याखाली दहा मिनिटं तरी द्यावीत.

शाम्पू कोणता, हे विचारायलाच बहुतेक जण हे पान उघडतात. जाहिरातीतल्या बाईचे केस पाहून घेऊ नका, ती कुठल्याच शाम्पूने तशी दिसत नाही.

शाम्पूची पुडी ही चीज मुळात गरिबासाठीच निघाली. तामिळनाडूतल्या कडलूरमध्ये चिन्नी कृष्णन नावाच्या गृहस्थांनी शाम्पू पुडीत भरून विकायला सुरुवात केली, कारण बाटली मजुराला परवडत नव्हती. त्यांचे चिरंजीव सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली पंधरा हजार रुपयांवर स्वतःचा धंदा मांडला आणि 'चिक' ही पुडी खेडोपाडी नेली. शाम्पू हा शब्दही इथलाच, चंपी-चांपणे यातला. पाटण्यात जन्मलेल्या शेख दीन महंमद यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात ब्रायटन इथे स्नानगृह काढून तो तिकडे रूढ केला, आणि तो बाटलीत बसून आपल्याकडे परत आला. सांगायचं एवढंच की एक-दोन रुपयांची पुडी वापरण्यात कमीपणा काही नाही. तेल काढण्याचं काम ती करते. उलट बाटलीची आणि पुडीची किंमत मिलिलिटरला भागून पाहा. हा भागाकार आठवीच्या पोराकडून करून घ्या. पुष्कळदा पुडीच स्वस्त निघते. पुडीचा एकच दोष, गटारं तिनेच तुंबतात. रिकामी पुडी कचऱ्यातच टाकावी. अर्धी उरलेली पुडी दुमडून कपड्याच्या चिमट्यात अडकवा आणि दोन दिवसांत संपवा, तिच्यात पाणी जाऊ देऊ नका.

घेताना पुढचं चित्र सोडून मागची बारीक अक्षरं वाचावीत. ती बहुधा इंग्रजीत असतात. घरात शिकणारं पोर असतंच, त्याला कामाला लावावं. जो पदार्थ जास्त तो यादीत आधी लिहितात. पाण्यानंतर लगेच सोडियम लॉरेथ सल्फेट किंवा सोडियम लॉरिल सल्फेट असं काही दिसेल. तेल काढणारा पदार्थ तोच. 'सल्फेट फ्री' म्हणून महागडी बाटली विकतात, ती रंगवलेल्या किंवा फार कोरड्या केसांना ठीक. तेलकट डोक्याला तिची गरज नाही. डायमेथिकोन हे नाव दिसलं तर ते केस गुळगुळीत करणारं सिलिकॉन. ते विषारी नाही, पण बारीक, तेलकट केस त्याने आणखी चपटे बसतात. म्हणून 'स्मूथ', 'मॉइश्चर', 'डॅमेज रिपेअर', 'विथ ऑइल' असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असेल ते आपल्यासाठी नाही. 'ऑइली हेअर', 'क्लीन', 'लेमन' असं लिहिलेलं साधं, पाण्यासारखं आरपार दिसणारं शाम्पू बहुतेकदा हलकं असतं. मोत्यासारखं दाट, पांढरं असतं त्यात केस मऊ करणारे पदार्थ जास्त असण्याचा संभव. हा काही पक्का नियम नव्हे, पण दुकानात उभ्या उभ्या उपयोगी पडतो. कंडिशनर लावायचंच तर केसांच्या टोकांना, मुळांना नाही.

'हर्बल' आणि 'आयुर्वेदिक' लिहिलेल्या बऱ्याच बाटल्यांत फेस आणणारा पदार्थ तोच असतो, झाडाचं चित्र वेगळं. खरी शिकेकाई आणि रिठा यांत फेस देणारं नैसर्गिक द्रव्य असतं आणि ज्यांना ते सोसतं त्यांनी जरूर वापरावं. उकळून, कपड्याने गाळून घ्यावं, म्हणजे चोथा केसांत राहत नाही. रिठा डोळ्यात गेला तर फार झोंबतो. आणि खोबरेल थापलेलं डोकं नुसत्या शिकेकाईने निघणं अवघड. खाण्याचा सोडा आणि लिंबू थेट डोक्यावर चोळण्याचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात. सोडा अल्कली आहे, साबणाचाच भाऊ. लिंबाने सोललेली कातडी झोंबते आणि उन्हात डाग पडतात. लिंबू वरणात पिळावं.

दारावर डब्यातून सुटं शाम्पू विकायला येतात, ते घेऊ नये. बाटलीवर किंवा पुडीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदतीची तारीख हवी. रिकामी बाटली भंगारात देताना झाकण फेकून, चिरून द्यावी, नाहीतर तीच भरून परत आपल्याच बाजारात येते.

कोंडा आणि तेल यांचं नातं बऱ्याच जणांना उलटं वाटतं. कोंडा म्हणजे डोकं कोरडं, म्हणून तेल थापतात. पण पिवळसर, तेलकट, चिकटून बसणारा, खाज आणणारा कोंडा हा तेलकट डोक्याचाच असतो. प्रत्येकाच्या डोक्यावर मॅलासेझिया नावाची बारीक बुरशी राहते आणि ती तेलावर जगते. तेल जास्त तशी ती वाढते आणि काहींच्या कातडीला तिचा त्रास होतो. तेल लावलं की पापुद्रे दबतात, दिसेनासे होतात, बुरशीला मात्र जेवण मिळतं. यासाठी केटोकोनॅझोल २ टक्के असलेलं शाम्पू औषधाच्या दुकानात मिळतं. आठवड्यातून दोनदा, डोक्यावर तीन ते पाच मिनिटं ठेवून धुवायचं, दोन ते चार आठवडे. लावल्या लावल्या धुतलं तर पैसे मोरीत. ते महाग वाटलं तर जनऔषधी केंद्रात विचारून पाहावं. गरोदर बाईने आणि लहान मुलांसाठी डॉक्टरांना विचारूनच आणावं. दुकानदार कधीकधी डोक्याच्या खाजेवर मलमाची ट्यूब हातात देतो. त्यात बरेचदा स्टिरॉइड असतं, स्वतःच्या मनाने ती लावू नये.

काही वेळा गोष्ट शाम्पूच्या पलीकडची असते. मुलीची पाळी दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही, हनुवटीवर केस येतात, पुटकुळ्या जात नाहीत आणि डोकं फार तेलकट, असं सगळं एकत्र असेल तर ते पीसीओएस असू शकतं. तिला स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावं, "लग्न झालं की बरं होईल" असं म्हणून थांबू नये. लहान मुलाच्या डोक्यात गोल चट्टा पडून केस तुटलेले दिसत असतील, पू येत असेल तर ती गजकर्णाची बुरशी असू शकते. तिला पोटातून गोळ्या लागतात, कुठलंही शाम्पू एकटं पुरत नाही. मुंबईत केईएम, सायन, नायर या पालिका रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. बाहेरगावी जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढून त्वचेच्या डॉक्टरांचा वार कोणता ते विचारावं. जाताना डोक्याला तेल लावून जाऊ नये, डॉक्टरांना काही दिसत नाही.

त्या ताईंनी रोजचं तेल बंद केलं आणि अंगाचा साबण केसांपासून दूर ठेवला. कंगवा आणि उशीचा अभ्रा आठवड्याला धुवायला लागल्या. एक दिवसाआड पहाटे नळ आला की दोन रुपयांच्या पुडीतली अर्धी मुलीला, अर्धी दोन दिवसांनी. दोन आठवड्यांत केस मोकळे दिसू लागले. केस कापायचं मुलीने अजून मनात ठेवलं आहे, पण आता तिला ते फॅशन म्हणून हवे आहेत, आणि त्यावर मायलेकींचं रोज भांडण चालू आहे.